ओटीपी मालकाच्याच मोबाईलवर का यावा?

छोट्या उद्योगांचे हिशेब पाहण्याच्या निमित्ताने सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरच्या आणि चिंचोलीच्या एमआयडीसीत माझे नेहमी जाणे होते. टॉवेल, चादरी आणि शालेय गणवेश ऑनलाइन विकणारे तरुण उद्योजक येथे जिद्दीने उभे राहत आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र धंदा वाढला, माणसे वाढली, तरी प्रत्येक लहानसहान गोष्ट मालकाच्या होकारासाठी खोळंबते, हे चित्र मला फार ठिकाणी दिसते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ओटीपी. राज्याबाहेर ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल पाठवायचा, तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, सरकारी पोर्टलवर काढावे लागते. हैदराबादचा टेम्पो भरून दारात उभा असतो, कारकून संगणकापाशी बसलेला असतो आणि ओटीपी मात्र मुंबईला गेलेल्या मालकाच्या मोबाईलवर पोहोचलेला असतो. वास्तविक त्याच पोर्टलवर कर्मचाऱ्यासाठी सब-यूजर, म्हणजे त्याच्या नावाचे वेगळे खाते, तयार करता येतो. बँकांच्या व्यावसायिक नेटबँकिंगमध्येही एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची, अशी सोय असते. या सोयी वापरल्या जात नाहीत, कारण अधिकार दिला की ताबा सुटतो, अशी भीती असते. माझे मत नेमके उलट आहे: प्रत्येकाच्या नावाने वेगळा प्रवेश असला, तर कोणी काय केले याची नोंद राहते, मालकाचा पासवर्ड चौघांना तोंडी सांगितला, तर ती राहत नाही.

अधिकार देताना रकमेची मर्यादा लिहून द्यावी. ‘यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च इतक्या रुपयांपर्यंत असेल, तर मला विचारू नका’ एवढे एक वाक्यही जॉबरला, म्हणजे माग सांभाळणाऱ्या कारागिराला, पुरते; ‘तुम्हीच बघा’ या शब्दांनी मात्र तो अधिकच घाबरतो, कारण नुकसान झाल्यास बोल कोणाला लागणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह सांगत असत की, देखरेख किती ठेवायची हे त्या माणसाचा त्या विशिष्ट कामातील अनुभव पाहून ठरवावे. मला हा विचार आपल्याकडे फार उपयोगी वाटतो. वर्षानुवर्षे लूम सांभाळणाऱ्या जॉबरला ताण्याबाबत, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांबाबत, रोज विचारणे हा त्याच्या कसबाचा अपमान आहे. पण त्याच्याकडेच ऑनलाइन ऑर्डरचे पॅकिंग सोपवले, तर पहिले काही आठवडे रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसलेच पाहिजे.

ग्राहकांचा प्रश्न याहून अवघड आहे. आपल्या बाजारात विश्वास कंपनीवर नव्हे, माणसावर असतो. जुना व्यापारी थेट मालकालाच फोन लावतो आणि मालकही जागच्या जागी दर कमी करून टाकतो. त्या एका फोनने विक्री सांभाळणाऱ्या मुलीचा शब्द बाजारात पडतो. ‘दर त्याच ठरवतात, मी फोन त्यांच्याकडे देतो’ असे ठामपणे सांगणे जड जाते, विशेषतः समोरचा माणूस वडिलांच्या काळापासूनचा असेल तेव्हा. तरीही ते सांगावे लागते.

मोठी उधारी आणि वरच्या जबाबदारीच्या माणसांची निवड मालकाने खुशाल स्वतःकडे ठेवावी. बाकीच्या कामांची वाटणी हंगामापूर्वी व्हावी, एवढा माझा आग्रह आहे. गणवेशवाल्यांनी तर हे काम जूनच्या कितीतरी आधी हाती घ्यावे, कारण शाळा उघडण्याच्या गर्दीत नव्या माणसाला शिकवायला कोणालाच सवड नसते.