परजीवी लाल शेवाळाचं घराणं कोणतं?

धुऱ्यावरच्या आंब्यावर बांडगूळ असतं न, फांदीत घुसलं तिथं टणक गाठ, जाड पानं, नारिंगी नळीसारखी फुलं, ते आंब्याचं कोणीच लागत नाही, दोघांचं कूळच वेगळं. समुद्रातल्या परजीवी लाल शेवाळाचं मात्र उलटं आहे राजेहो, आणि आपल्या विदर्भाला समुद्र नसला तरी मी सध्या त्याच्याच मागं लागलो आहे.

शंभराच्या वर जाती आहेत यांच्या, आणि बऱ्याच जणी जवळच्या नातेवाइकावरच जगतात, म्हणजे भाऊच भावाच्या ताटात जेवतो. दिसायला यजमानाच्या, म्हणजे ज्याच्यावर जगतात त्या शेवाळाच्या, अंगावरचा पांढुरका फोड, कधी जेमतेम मिलिमीटरभर. रंग गेलेला, पसारा गेलेला, तुलना करायची तर करायची कशाशी? मग जुन्या अभ्यासकांनी बहुतेकांना सरळ वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचं घराणं) देऊन टाकली.

आतमध्ये काय चालतं ते पाहिलं की डोकंच चालत नाही. कोरिओकोलॅक्स नावाचं एक आहे, ते आपली पेशी यजमानाच्या पेशीला जोडतं आणि आपलं केंद्रक थेट तिच्यात सोडून देतं. लिंडा गॉफ आणि ॲनेट कोलमन या संशोधकांनी 1984 मध्येच हे दाखवलं होतं.

पुढं डीएनए तपासायला लागले तर यातले कितीतरी परजीवी यजमानाच्याच प्रजातीत बसले. आता परजीवीला बाहेर ठेवलं तर यजमानाची प्रजाती अर्धवट राहते, एकाच पूर्वजाची लेकरं आणि त्यातलं एक घराबाहेर, हे मला पटतच नाही. म्हणून 2014 मध्ये न्यूझीलंडमधल्या नव्या परजीवीचं नाव रोडोफिलिस पॅरासिटिका ठेवलं ते मला फार आवडलं, कारण त्याचा यजमानही रोडोफिलिस याच प्रजातीतलं लाल शेवाळ आहे. काही जण म्हणतात असं केलं तर फोड आणि मोठं शेवाळ एकाच नावाखाली येतात, ओळखायचं कसं? पण ओळखायची सोय म्हणून नातं तोडायचं का? जातीच्या वर्णनात लिहा न, परजीवी आहे म्हणून.

फक्त सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. यजमानाचे जवळचे नातेवाईक असलेले बरेच परजीवी हरितलवक (पेशीतला प्रकाशसंश्लेषणाचा भाग) यजमानाकडूनच घेतात, पण कोरिओकोलॅक्सकडं स्वतःचं आहे, 2015 मध्ये त्या हरितलवकाचा जीनोम (त्यातले सगळे जीन) वाचला तर प्रकाशसंश्लेषणाचे जीन गायब आणि बाकीचं यंत्र शाबूत. म्हणजे हे गडी फार आधीच वेगळं झालेलं आहे, त्याला वेगळी प्रजाती शोभते.