स्पायरल व्ही-4: परागकणांची रेघ धरली, चिकट साच्याचा प्रश्न सुटला

मंडळी, रेघ दिसली! (नवीन वाचकांसाठी: स्पायरल म्हणजे वेटोळ्याच्या आकाराचा बारीक चॅनल. त्यातून पाण्यासोबत परागकण आणि यीस्ट सोडून त्यांना आकारानुसार वेगळं करायचंय. हा त्याचा चौथा नमुना, व्ही-4.) झेंडूचे परागकण आतल्या भिंतीलगत एका बारीक पट्ट्यात, आणि यीस्ट चॅनलच्या सगळ्या रुंदीभर पसरलेलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात एवढ्या वेगात कण सुटे दिसत नाहीत, त्यांचे नुसते पांढरे माग दिसतात. पण तिसऱ्या वेढ्यापर्यंत जाडसर असलेला पट्टा पाचव्या वेढ्यात आकसत जातो, हे डोळ्यांनी पाहताना अंगावर काटा आला. 1961 मध्ये सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांना सरळ नळीत दिसलं होतं की वाहते कण मध्यापासून साधारण 0.6 त्रिज्येवर वलय धरतात. तेच जडत्वाचं बळ, सोबत वळणामुळे येणारे डीनचे भोवरे, आणि हे सगळं माझ्या टेबलावर.

मापं आधीच्या व्ही-3 नमुन्याचीच आहेत: रुंदी 500, उंची 150 मायक्रॉन. मिनिटाला 1 मिली म्हणजे सेकंदाला साधारण 22 सेंटिमीटर वेग, रेनॉल्ड्स अंक (द्रवाचं जडत्व आणि श्यानता यांचं गुणोत्तर) 51 च्या आसपास. 10 मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर डीन अंक (भोवऱ्यांचा जोर सांगणारा) साडेपाच. रेघ धरायला कणाचा व्यास उंचीच्या 0.07 पट तरी हवा, म्हणजे इथे साडेदहा मायक्रॉन. माझा झेंडू 28 च्या आसपास भरतो, यीस्ट 5. कागदावर हे पहिल्यापासून जमतच होतं. अडत होतं ते साच्यापाशी.

मागच्या वेळी लिहिलं होतं की पीडीएमएस (ज्याचा चॅनल ओततो ते सिलिकोन रबर) रेझिन प्रिंटरवर काढलेल्या साच्यातून काढला की नेमका चॅनलचा पृष्ठभाग चिकट राहतो. वरून ठोकळा पक्का, खालून गोंद. पहिला संशय अर्थातच मूळ द्रव आणि हार्डनरच्या 10:1 प्रमाणावर. म्हणून त्याच मिश्रणातला थोडा भाग कागदी कपात ओतून शेजारीच ठेवला. कपातला छान रबरासारखा झाला, साच्याला टेकलेला तेवढा ओला. प्रमाण निर्दोष, दोष रेझिनचा. पीडीएमएस जुळवणारं प्लॅटिनम फार नाजूक असतं. गंधक, अमाइन, फॉस्फरसची संयुगं त्याला धरून बसतात. आपल्या 405 नॅनोमीटरच्या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या बहुतेक रेझिनमधला फोटोइनिशिएटर (प्रकाशाने जुळणी सुरू करणारा घटक) फॉस्फिन ऑक्साइड जातीचा, आणि वर अर्धवट राहिलेले ॲक्रिलेट मोनोमर साच्यातून झिरपत राहतात. (लॅटेक्सचे हातमोजेही याच कारणासाठी नकोत, नायट्राइलच वापरा.)

तो चिकट थर म्हणजे नुसता हाताला लागणारा त्रास नव्हे. साचा काढताना तो अर्धा साच्यावरच राहतो, चॅनलचा छेद जागोजागी बदलतो आणि काचेला सीलही धरत नाही. 30 सेंटिमीटर लांबीच्या या चॅनलला 1 मिलीला साधारण 44 किलोपास्कल दाब लागतो. नुसता टेकवलेला पीडीएमएस 35 च्या आसपासच सुटतो. म्हणजे पक्कं चिकटवणं भाग आहे, आणि त्यासाठी पृष्ठभाग कोरडा आणि साफ हवाच.

साचा आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) भिजवून पाहिलं, चष्मे धुण्याच्या अल्ट्रासॉनिक भांड्यात हलवून पाहिलं, नेल लॅम्पखाली तास वाढवले. प्रत्येक वेळी थोडा फरक, पण कोपऱ्यांत चिकटपणा तसाच. ॲक्रिलिक स्प्रेचा पातळ थर देण्याचा सल्ला काहींनी दिला होता. थर दिल्यावर पीडीएमएस पक्का झाला हे खरं, पण कडा गोल झाल्या आणि उंची सगळीकडे सारखी राहिली नाही. स्पायरलमध्ये उंचीवर सगळा हिशेब आहे, म्हणून ती वाट सोडली.

जमलं ते उष्णतेने. क्रम असा: ताज्या आयपीएमध्ये दोनदा धुणं, मग साचा पाण्यात बुडवून यूव्ही, कारण हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरचं शेवटचं क्युअरिंग अडवतो. त्यानंतर दोन काचांमध्ये दाबून ओव्हनमध्ये 120 अंशांवर रात्रभर. काचा नसतील तर साचा वाकतो. सकाळी साचा मधासारखा पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो, त्याने बिघडत नाही. त्यावर सिलगार्ड 184 (माझं पीडीएमएस) ओतून 65 अंशांवर ठेवलं, आणि ठोकळा सोलताना जो सुकासा आवाज आला तो या छंदातल्या सगळ्यात गोड आवाजांपैकी एक. पाण्याने धुता येणारी रेझिन मात्र या कामासाठी घेऊ नका. माझ्याकडची कितीही भाजली तरी सुधारली नाही.

आता निकाल. आतल्या आउटलेटचा थेंब स्लाइडवर घेतला तर जवळपास सगळे पराग त्यातच. बाकीच्या तीन आउटलेटांत फक्त यीस्ट. पण यीस्ट आतल्या आउटलेटमध्येही आहेच. परागमुक्त यीस्ट मिळालं, यीस्टमुक्त पराग नाही. पुढे सेन्सिंग करायचं तर हे चालणार नाही.

हे लिहितानाच मन दुसरीकडे वळलंय. स्पायरलचे वेढे वाढवण्याऐवजी खांबांची रांग, म्हणजे डीएलडी (डिटरमिनिस्टिक लॅटरल डिस्प्लेसमेंट), का नको? 2004 मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने दाखवलेली ही पद्धत: प्रत्येक ओळ थोडी सरकवलेली, मोठा कण खांबांवर आपटत तिरका जातो, लहान कण प्रवाहाबरोबर सरळ. शेजारून स्वच्छ पाणी सोडलं की पराग त्या पाण्यात ढकलले जातात आणि यीस्ट मागे राहतं. दाबही कमी, मग नुसतं टेकवलेलं सीलही पुरेल.

35 मायक्रॉन पिक्सेलच्या प्रिंटरवर असे खांब निघणार नाहीत. त्यामुळे साचा कॉपर क्लॅडवर (सर्किट बोर्डाची तांबं लावलेली पाटी) 50 मायक्रॉनच्या ड्राय फिल्मचा (प्रकाश पडेल तिथे कडक होणारी फिल्म), आणि मास्क पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात स्क्रीन प्रिंटिंगसाठी पॉझिटिव्ह फिल्म काढणाऱ्यांकडून. 2400 डीपीआय म्हणजे एक ठिपका 10.6 मायक्रॉन. मग सगळी मापं ठिपक्यांतच बांधायची: आवर्तन (एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंतचं अंतर) 10 ठिपके, खांब 6, फट 4, सरकणं 1. फट 42 मायक्रॉन, सरकण्याचं प्रमाण 0.1. डेव्हिसच्या सूत्रात (1.4 गुणिले फट गुणिले प्रमाणाचा 0.48 वा घात) घातलं की सीमा (त्याहून मोठा कण तिरका जातो) 20 मायक्रॉनच्या जरा खाली येते. 5 आणि 28 च्या मधोमध, अगदी हवी तिथे!

धोका गुठळ्यांचा. झेंडूच्या परागावर तेलकट थर आणि काटे असतात, दोन कण जोडले की फट बंद. अल्कोहोलने धुऊन स्क्रीन प्रिंटिंगच्या बारीक जाळीतून गाळणार, जाळीचं भोक आधी मायक्रोस्कोपखाली मोजून.

कूल्टर पद्धतीचा सेन्सर (छिद्रातून कण जाताना वाढणारा विद्युत रोध मोजणारा) सध्या बाजूला. 60 मायक्रॉन रुंद, 100 लांब छिद्रात एक पराग रोध सुमारे 6 टक्के वाढवेल, ते सोपं आहे. इलेक्ट्रोडसाठी चांदीची तार सोनाराकडून आणून ब्लीचमध्ये काळी करून ठेवली आहे. यीस्टचा बदल मात्र 0.035 टक्के, त्यासाठी ॲम्प्लिफायर नव्याने बांधावा लागेल.

ड्राय फिल्मवर ज्यांनी 40 मायक्रॉनची फट स्वच्छ उघडली असेल, त्यांनी धुण्याच्या सोड्याचं प्रमाण आणि पाण्याचं तापमान कळवा. मी 1 टक्का आणि 30 अंशांपासून सुरू करतोय.