चाकण, भोसरी आणि कोव्हेरियन्स

मंगळवार, रात्री

आज पोर्टफोलिओ मॅनेजमेंटच्या तासाला सरांनी फळ्यावर दोनच शेअर घेतले. दोघांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे परतावा सरासरीच्या किती वरखाली होतो याचं माप, २० टक्के; पैसे निम्मे-निम्मे. कोरिलेशन (दोघे किती बरोबरीने हलतात याचा आकडा) १ धरलं तर जोखीम २० टक्केच राहते, शून्य धरलं की १४ टक्क्यांच्या आसपास येते. शेअर तेच, पैसे तेच. फरक फक्त ते एकमेकांबरोबर कसे हलतात याचा, म्हणजेच कोव्हेरियन्सचा. बीकॉमला हे सूत्र पाठ केलं होतं. एमबीएला आल्यावर आज ते अंगावर आलं.

हॅरी मार्कोविट्झने हे १९५२ मध्ये मांडलं तेव्हा तो २४ वर्षांचा होता, आमच्या वर्गातल्या पोरांएवढाच. शिकागोला त्याच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमननी हे अर्थशास्त्रच नव्हे असा वाद घातला होता. १९९० मध्ये याच कामासाठी तो अर्थशास्त्राच्या नोबेलचा एक मानकरी ठरला. मला ही हकीकत फार आवडते. निफ्टीच्या ५० शेअरांत अशा १,२२५ जोड्या होतात. हे कळल्यावर शेअर एकेकटा बघवतच नाही.

जेवणं झाल्यावर बाबांची गुंतवणुकीची वही मागून घेतली. चार वाहन कंपन्या, एक टायरची, एक बॅटरीची. शिवाय गाड्यांच्या कारखान्यांच्या चाकणजवळचा प्लॉट. आणि पगार? भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचा. वहीत तो कुठेच नाही, पण आमच्या घरातली सर्वांत मोठी गुंतवणूक तीच आहे. नावं मोजली तर पैसे छान विखुरलेले दिसतात. पण २०१९ मध्ये गाड्यांची विक्री मंदावली तेव्हा त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला, शेअर पडले आणि प्लॉटला गिऱ्हाईक मिळेना, सगळं एकदमच. पुण्यात अशी घरं किती असतील! पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी सोसायट्यांत पगार, फ्लॅट आणि शेअर तिन्ही एकाच धंद्यावर उभे आहेत. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत पगार क्वचितच येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाबांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अगं, या कंपन्यांची ऑर्डर वाढली की आमच्या शॉपफ्लोअरवर आधी कळतं. औषधांच्या कंपन्यांतलं मला काय कळणार?"

या बोलण्यात दम आहे, ते झटकून टाकता येत नाही. कागदावरचं गणित अपेक्षित परताव्यासाठी मागचे आकडे घेतं, आणि परताव्याचा अंदाज हीच त्यातली सर्वांत कच्ची बाजू. जरा इकडेतिकडे झालं की सगळे वेट, म्हणजे कुठल्या शेअरमध्ये किती वाटा ठेवायचा ते, बदलतात. त्यावर ब्लॅक आणि लिटरमन यांनी गोल्डमन सॅक्समध्ये असताना एक वाट काढली: सुरुवात बाजाराच्या वेटपासून (अख्ख्या बाजारात ज्या शेअरचा जेवढा वाटा, तेवढ्यापासून) करायची, मग स्वतःचं मत त्यात घालायचं, पण त्या मतावर आपला विश्वास किती हेही आकड्यात सांगायचं. गुरुवारी तेच शिकवणार आहेत.

म्हणजे बाबांच्या शॉपफ्लोअरलाही मॉडेलमध्ये जागा आहे. फक्त त्यांना विचारायला हवं, ऑर्डरवरून बांधलेला त्यांचा अंदाज आजवर किती वेळा खरा ठरला. वहीत खरेदीच्या तारखा आहेत. त्यांच्या शेजारी बसून एकेक तपासणार आहे, आणि या वेळी पगाराचीही एक ओळ घालणार आहे.