टर्नरचं 'टेमेरेअर': आधी चित्र, मग नदीकाठ

लंडनमधला एक अख्खा दिवस मी एका चित्रासाठी राखून ठेवला होता: इंग्रज चित्रकार टर्नरने रंगवलेलं 'टेमेरेअर' हे जुनं लढाऊ जहाज. जमलं तर तुम्हीही ठेवा.

ट्रॅफल्गार स्क्वेअरवरच्या नॅशनल गॅलरीत प्रवेश मोफत आहे. सकाळी १० वाजता दार उघडतं, तेव्हाच पोचा. मोठी बॅग नेऊ नका. टर्नरची चित्रं ३४ क्रमांकाच्या दालनात असतात, तरी मांडणी बदलते म्हणून आत शिरताना विचारून घ्या.

चित्र जेमतेम चार फूट रुंद. पण समोर उभं राहिल्यावर हलवेना. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत ब्रिटिशांकडून फ्रेंच-स्पॅनिश आरमाराविरुद्ध लढलेलं, ९८ तोफांचं हे जहाज १८३८ मध्ये टेम्स नदीच्या मुखाजवळच्या शीरनेसहून लंडनमधल्या रॉदरहाइथला मोडायला नेलं, तो प्रवास टर्नरने रंगवला. पुढे जहाजाला ओढून नेणारी काळी, बुटकी वाफेची टगबोट, धुराड्यातून आग ओकणारी. मागे फिकट सोनेरी जहाज, जणू आत्ताच विरून जाईल. उजवीकडे सूर्य बुडतोय. प्रत्यक्षात टगबोटी दोन होत्या आणि जहाजाच्या डोलकाठ्या आधीच काढून घेतल्या होत्या. टर्नरने त्या पुन्हा उभ्या केल्या. मला यात खोटेपणा वाटला नाही. घरातल्या माणसाला शेवटचा निरोप देताना आपण त्याला चांगले कपडे घालतोच ना! हे चित्र त्याने हयातीत कधीच विकलं नाही. आधी जवळून सूर्याभोवतीचा रंगाचा जाड थर पाहा, मग दहा पावलं मागे या.

तिथून चालत वेस्टमिन्स्टर स्टेशन गाठा, भुयारी रेल्वेच्या ज्युबिली लाइनने कॅनडा वॉटरला उतरा. पुढे रॉदरहाइथचं सेंट मेरीज चर्च दहा-पंधरा मिनिटांवर आहे. जहाजाच्या लाकडातून केलेलं एक टेबल आणि बिशपच्या दोन खुर्च्या तिथे आहेत. चर्च उघडं असण्याची वेळ आधी बघून ठेवा आणि रविवारची प्रार्थना टाळून जा.

लाकूड ओकचं. नेपोलियनच्या युद्धांनी इंग्लंडात ओकची टंचाई झाली, तेव्हा आरमाराने मुंबईच्या गोदीत वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याकडून सागवानी जहाजं बांधून घेतली. त्यांतलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडातल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे. त्या खुर्च्यांसमोर मला सारखं तेच आठवत होतं.

चर्चजवळच्या टेम्सच्या काठी ओहोटीच्या वेळी जा. पाणी मागे सरून खालचा चिखल आणि दगडगोटे उघडे पडतात. जहाज मोडलं ते याच काठावर.