आठ तास सलग

गेल्या रविवारी अण्णांना नवा फोन घेतला. खोका उघडला, वरचं प्लास्टिक सोललं, बटण दाबलं. बॅटरी ५८ टक्के. म्हटलं सिम घालू आणि मुंबईच्या काकांना व्हिडिओ कॉल लावू. तेवढ्यात अण्णांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, बंद केला आणि देवघराशेजारच्या प्लगला लावला.

"आठ तास. मग चालू करायचा."

"अण्णा, आता तसं काही नसतं."

"तूच सांगायचास ना दुकानात? मी ऐकलंय."

ऐकलंय हे खरं. २००२ ते २००६ अशी चार वर्षं मी कराडात स्टँडजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात काउंटरला होतो. अण्णा बाजाराला आले की तिथल्या स्टुलावर टेकायचे. पावती फाडता फाडता माझ्या तोंडून आपोआप यायचं, "घरी गेल्यावर आठ तास सलग चार्जिंगला लावा, मधे काढू नका, मगच चालू करा." मला शेठनी शिकवलेलं, शेठना पुण्याहून माल घेऊन येणाऱ्याने सांगितलेलं. त्याच्या मागे कोण होतं ते आम्ही कधी विचारलं नाही.

मी शिकलो तेव्हा ते चूकही नव्हतं. आमच्याकडे यायच्या त्या नोकिया ३३१० ची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची असायची. तिच्या पोटात १.२ व्होल्टचे तीन सेल एकापाठोपाठ एक जोडलेले. निकेलचा सेल नुसता पडून राहिला तरी रिता होत जातो, आणि तिघं काही एकाच वेगाने रिते होत नाहीत. गोदामात दोन-तीन महिने काढलेल्या बॅटरीत एकात थोडं जास्त, एकात कमी, एखादा पार तळाला, अशी गत व्हायची. सावकाश आणि लांबलचक चार्जिंग दिलं की आधी भरलेला सेल जास्तीची वीज उष्णता करून सोडून देतो आणि मागे राहिलेले तोवर त्याला गाठतात. आठ काय, काही बॅटऱ्यांना चौदा-चौदा तास लावायला सांगायचे ते याचसाठी. "पूर्ण उतरू द्या, मगच लावा" हेही निकेलच्याच घरातलं.

मग नोकियाचाच ११०० आला. तो टॉर्चवाला. गावाकडे तर टॉर्चसाठीच खपला. त्याची बॅटरी बीएल-५सी, आत लिथियम-आयनचा सेल, तोही एकच. एकटाच असल्यावर बरोबरी कुणाशी करायची? लेबलवर लिथियम असं स्वच्छ छापलेलं असायचं. दिवसातून दहा वेळा ती बॅटरी माझ्या हातात यायची. वाक्य काही बदललं नाही.

त्या वाक्याचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे ढेबेवाडीकडचे एक मामा. २००५ च्या आसपासची गोष्ट, भारनियमनाचे दिवस. खेड्यात सलग आठ तास लाइट ही चैन होती. असे बरेच जण फोन आमच्याकडेच ठेवून जायचे. काउंटरमागे फळीवर फोनांची रांग आणि प्रत्येकाला रबराने लावलेली नावाची चिठ्ठी. पण मामांचा माझ्यावर विश्वास नव्हता. फोन प्लगला लावला आणि समोर बसले. सकाळी नवाची वेळ. दुपारी फडक्यातली भाकरी तिथेच सोडली, मला खर्डा दिला. दर तासाला विचारायचे, किती झाले? पाच वाजायला दहा कमी असताना स्टँड भागातली लाइट गेली.

मामांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता पयल्यापासनं मोजायचं का वो?"

आणि मी म्हणालो, "होय मामा. सलगच पाहिजेत."

ते दुसऱ्या दिवशी एसटीने परत आले. परत बसले. तो फोन आदल्या दिवशी अकरा-साडेअकरालाच गच्च भरलेला असणार. भरल्यावर तो वीज घेणं आपोआप थांबवतो. पुढचे तास मामा एका बंद नळाखाली कळशी धरून बसले होते.

पुढे मी ते दुकान सोडलं, आणि आता पुण्याजवळच्या एका कारखान्यात बॅटरी पॅकच्या चाचणीला असतो. तिथे कळलं की पहिल्या चार्जिंगचं माहात्म्य अगदीच खोटं नाही. फक्त ते आपल्या घरी होत नाही. लिथियमचा सेल तयार झाला की कारखान्यातच त्याला पहिला चार्ज देतात, अतिशय हळू, तासन् तास. त्या वेळी आतल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर धरतो. दुधावर साय धरते तसा, आणि साय नीट धरायची तर आच मंदच लागते. पुढे सेल किती वर्षं टिकणार हे बरंचसं त्या थरावर ठरतं. फोन आपल्या हातात येतो तेव्हा हे सगळं कधीच उरकलेलं असतं.

आणि ते ५८ टक्के? तेही कुणी घाईत अर्धवट भरलेलं नसतं. लिथियम गच्च भरून ठेवला तर पडल्या पडल्या लवकर म्हातारा होतो. अगदी रिता ठेवला तर उतरता उतरता इतका खाली जातो की पुन्हा उठत नाही. म्हणून मधेच ठेवून पाठवतात. सुटे सेल विमानाने मालवाहतुकीत पाठवायचे तर ३० टक्क्यांहून जास्त भरलेले चालत नाहीत, हा नियम २०१६ पासून आहे. तिथे प्रश्न आगीचा असतो.

म्हणजे नवा फोन खोक्यातून काढा आणि वापरा. पहिल्या दिवशी चार्जर जवळ असू द्या, कारण फोन सुरू झाला की तासभर अपडेटच ओढत बसतो आणि मधेच बंद पडला तर डोक्याला ताप. रात्रभर लावून ठेवला एखाद दिवशी, तरी काही बिघडत नाही. पण अण्णांची दुसरी सवय मला जास्त छळते: जाड कव्हर घातलेला फोन चार्जिंगला लावून उशीखाली सरकवायचा. लिथियमला खरा मारतो तो उकाडा. त्यावर मात्र मी चार वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला एक शब्द बोललो नव्हतो.

सोमवारी पुण्याला निघण्याआधी मी त्यांच्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल अशी सोय करून ठेवली. सांगायचं राहिलं. गुरुवारी रात्री फोन आला.

"ह्याची बॅटरी भरतच नाही. ऐंशीवर अडकतो. दुकानात घेऊन जातो उद्या."

मी पंधरा मिनिटं समजावलं. गच्च भरल्यावर आत ताण कसा येतो, वर्षभराने फरक कसा दिसतो, सगळं. निकेल आणि लिथियमही सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाले. "आता शंभर कसं करायचं ते सांग."

सांगितलं.