चामखीळ म्हणून आलेला पाय

पावसाळ्यात कोकणातल्या त्वचारोगाच्या ओपीडीत काय असतं? चिखल्या, नायटा, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या स्टेरॉइड मलमाने चिघळवलेला नायटा. त्या गर्दीत साठीच्या आसपासचे एक भातशेतकरी आले. घोट्याच्या वर तळहाताएवढा खरखरीत, खवलेदार उंचवटा. म्हणाले, "डॉक्टरांनू, ही चामखीळ जाळून टाका." दोन ठिकाणी आधीच जाळून झाली होती. दोन्ही वेळा परत आली, आधीपेक्षा पसरून.

चामखीळ ओळखायची आमची पद्धत साधी आहे. ब्लेडने वरचा कडक थर हलकेच तासायचा. भोवरी असेल तर मधोमध पारदर्शक गाभा दिसतो. चामखीळ असेल तर काळे ठिपके, म्हणजे रक्त गोठलेल्या केशवाहिन्या. आणखी तासलं की तिथूनच बारीक रक्त येतं. इथेही काळे ठिपके होते, पण ते वरच्या खपलीत होते, खपलीबरोबर सुटून येत होते. तेच नेमके स्लाइडवर घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, काच किंचित गरम केली आणि खपली विरघळेपर्यंत दुसरे पेशंट पाहिले.

मग सूक्ष्मदर्शकात दिसल्या तपकिरी, जाड भिंतीच्या गोल पेशी, आत आडवे-उभे पडदे. हे दिसलं की शंका उरत नाही: क्रोमोब्लास्टोमायकोसिस. माती आणि कुजक्या लाकडातली बुरशी, काट्या-कुसळावाटे कातडीत शिरते आणि वर्षानुवर्षं सावकाश पसरते. काट्याचं विचारलं तर लगेच म्हणाले, "लागलेलो मा! लय वर्सां झाली." आजवर कोणी विचारलंच नव्हतं. चामखीळ जाळायचं कॉटरीचं मशीन सगळ्यांकडे असतं. सूक्ष्मदर्शकावर मात्र प्लॅस्टिकचं कव्हर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली हा आजार दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतला. दुर्लक्षित हे खरंच.

जुन्या दुखण्यात क्वचित कर्करोग होतो, म्हणून बायोप्सीही पाठवली; तसलं काही निघालं नाही. इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलं. ते महिनोन्‌महिने घ्यायचं, मधूनमधून यकृताच्या तपासण्या करायच्या, आणि कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची. हे गृहस्थ रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत होते. पोटातलं आम्ल कमी झालं की ही कॅप्सूल नीट शोषली जात नाही, म्हणून आधी ती गोळी बंद केली. शिवाय बाजारात याच औषधाच्या कॅप्सूलमधल्या दाण्यांचा दर्जा कंपनीगणिक बदलतो. स्वस्तातली घ्या असं सांगायला जीभ रेटत नाही, आणि महागडी इतके महिने त्यांना परवडणारी नाही. जोडीला अधूनमधून द्रव नायट्रोजनने गोठवतो.

आता उंचवटा बराच बसलाय. मागच्या खेपेला मी गमबुटाचा विषय काढला. ते हसायलाच लागले. लावणीच्या चिखलात पाय वर येतो, बूट खालीच राहतो, म्हणाले. मी शेतात कधी उतरलेलो नाही, त्यामुळे पुढे काय सांगावं ते सुचेना. ड्रेसिंगवर प्लॅस्टिक बांधायला सांगितलं; तेही टिकणार नाही हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.