दोन कडांचा सुळका

सूर्य नुकताच बुडाला होता आणि भरती सुरू होऊन तासभर झाला होता. लाटांनी भेगा पोखरून मूळ कड्यापासून सुटा केलेला एक कातळसुळका आणि त्याच्या पायथ्याशी धुक्यासारखे पसरलेले पाणी, असे छायाचित्र मला एका कामासाठी द्यायचे होते. भिंगाचे छिद्र एफ/११ आणि प्रकाशाची संवेदनशीलता आयएसओ १०० ठेवल्यावर कॅमेरा पाव सेकंदाचे एक्स्पोजर दाखवत होता, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडे हवे होते. एनडी फिल्टर म्हणजे भिंगापुढे लावायची गडद काच; एका स्टॉपने प्रकाश निम्मा होतो, म्हणून दहा स्टॉपचा फिल्टर तो १,०२४ पटींनी कमी करत असल्यामुळे शटर ४ मिनिटे १६ सेकंद उघडे ठेवणे आले. फिल्टरआडून काही दिसत नाही, म्हणून फोकस आधीच पक्का केला आणि रिमोटचे बटण दाबले.

शटर मिटल्यावर कॅमेरा आणखी तेवढाच वेळ अडून बसला. दीर्घ एक्स्पोजरमधील नॉइज, म्हणजे चित्रात उमटणारे नको असलेले ठिपके, काढण्याची सोय मी चालू ठेवली होती आणि त्यासाठी कॅमेरा शटर बंद ठेवून तितक्याच वेळाची एक काळी फ्रेम घेतो. उतरत्या उजेडात ही चैन परवडत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते.

चित्र मोठे करून पाहिले, तर सुळक्याला दोन कडा दिसल्या: एक ठसठशीत आणि तिच्या किंचित डावीकडे दुसरी, फिकट. फोकस चुकला असता तर कड नुसती विरघळली असती, वाऱ्याने ट्रायपॉड थरथरला असता तर ती फरकटली असती. इथे कॅमेरा एकदाच हलून पुन्हा स्थिर झाला होता आणि फिकट कडेवरून तो बहुधा अखेरच्या मिनिटात हलला असावा. टॉर्च लावून पाहिले. दोन पाय कातळावर घट्ट होते, पण तिसरा वाळूत होता आणि परतणाऱ्या लाटेने त्याच्याखालची वाळू ओढून नेल्यामुळे तो दोन बोटे खचला होता.

तिन्ही पाय कातळावर घेऊन, शेवाळ टाळत, पुन्हा चौकट जमवेपर्यंत उजेड इतका ओसरला होता की फिल्टर काढूनही १५ सेकंद लागत होते. तेवढ्या वेळात पाण्याचे धुके होत नाही, सुळक्याला वळसा घालणाऱ्या फेसाच्या रेघा तशाच राहतात. मला हवे होते ते हे नव्हे; मात्र कातळातली प्रत्येक भेग नीट उमटली होती, म्हणून तीच फ्रेम दिली. सामान आवरताना पाहिले, तिसऱ्या पायाच्या जागी घोटाभर पाणी होते.